उडत्या तबकडीची कागदी प्रतिकृती: शंकू, पाकळ्या की लगदा?

उडत्या तबकडीची छोटी प्रतिकृती करायला बसणाऱ्याने कात्री हातात घेण्यापूर्वी एक गोष्ट ठरवली पाहिजे, ती म्हणजे आपल्याला नेमका कोणता आकार हवा आहे. 24 जून 1947 रोजी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात माउंट रेनियरजवळ केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाला नऊ चमकत्या वस्तू वेगाने जाताना दिसल्या. बशी पाण्यावर भिरकावली असता ती जशी टप्पे घेत जाते तशी त्यांची गती होती, असे वर्णन त्याने केले. ही उपमा गतीपुरती होती, असे त्याचे नंतरचे म्हणणे होते; पण वृत्तपत्रांनी बशी उचलली आणि ती जगभर रूढ झाली. त्यामुळे तबकडीचा 'खरा' आकार असा काही नाही. कडेला निमुळती होत गेलेली भिंगासारखी चकती आणि तिच्यावर घुमट, एवढीच आपल्या डोळ्यांपुढची ठेवण आहे. साधारण 15 सेंटिमीटर व्यासाची अशी प्रतिकृती कागदात करण्याचे तीन मार्ग येथे ताडून पाहिले आहेत.

पहिला मार्ग शंकूचा. कार्डशीटवर 8 सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढायचे, त्यातून एक अरुंद फाक कापून टाकायची, कापलेल्या कडा जवळ आणून चिकटवायच्या, की उथळ शंकू तयार होतो. असे दोन शंकू काठाला काठ लावून जोडले की तबकडी झाली. एक वर्तुळ ए-फोर कागदावर सहज मावते. नवख्याला चकवणारी बाब म्हणजे फाकेचा कोन. केवळ 10 अंशांची फाक काढली तरी शंकूची उंची जवळजवळ 1.9 सेंटिमीटर होते आणि 30 अंशांची काढली तर 3.2 सेंटिमीटर, म्हणजे दोन्ही बाजू मिळून जाडी 6.4 सेंटिमीटरवर जाते आणि तबकडीऐवजी भोवरा दिसू लागतो. म्हणून 10 ते 15 अंशांच्या पुढे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वरची बाजू उंच आणि खालची चपटी हवी असेल, तर मात्र थोडे गणित करावेच लागते. फाक काढल्यावर काठाचा घेर आटतो, त्यामुळे एकाच मापाच्या दोन वर्तुळांतून वेगवेगळ्या कोनांच्या फाका काढल्या तर काठ जुळत नाहीत; 8 सेंटिमीटर त्रिज्येतून 30 आणि 10 अंश काढल्यास दोन्ही काठांच्या त्रिज्यांत सुमारे साडेचार मिलिमीटरचा फरक पडतो. काठाची त्रिज्या साडेसात सेंटिमीटर हवी असेल तर वरचे वर्तुळ 8.18 आणि खालचे 7.71 सेंटिमीटर त्रिज्येचे काढावे, म्हणजे दोन्ही एकमेकांवर नीट बसतात.

दुसरा मार्ग पाकळ्यांचा, आणि त्याची गरज का भासते ते समजून घेण्याजोगे आहे. कागद एका दिशेने वाकतो, परंतु न ताणता किंवा न चुरगळता एकाच वेळी दोन दिशांनी वाकत नाही. गाउस या गणितज्ञाने 1827 मध्ये हे तत्त्व सिद्ध केले. शंकू सपाट कागदातून होतो, घुमट होत नाही. घुमटासाठी गोलाचे अरुंद उभे तुकडे करून ते जोडावे लागतात. 4 सेंटिमीटर त्रिज्येच्या अर्धगोलासाठी 12 पाकळ्या धरल्या तर प्रत्येकीची लांबी 6.3 सेंटिमीटर, तळाशी रुंदी 2.1 आणि मध्यावर सुमारे 1.5 सेंटिमीटर येते. सर्व पाकळ्या तळाच्या एका पट्टीला जोडलेल्या ठेवून कंगव्यासारख्या कापाव्यात. ही पट्टी 25 सेंटिमीटरच्या आसपास होते, त्यामुळे कागदाच्या लांब बाजूवर बसते. कागदातील तंतू पट्टीच्या लांबीच्या दिशेने जात असतील तर पाकळ्या सुरेख वळतात, आडवे गेले तर त्यांना मोड पडतात. कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहिला की ज्या घडीला तो कमी विरोध करतो, ती तंतूंच्या दिशेची, हे हाताला लगेच कळते.

तिसरा मार्ग लगद्याचा, किंवा खळीने वर्तमानपत्राचे तुकडे उथळ ताटलीवर थरावर थर चिकटवण्याचा. यात आकार सर्वांत गुळगुळीत येतो आणि गणित अजिबात लागत नाही. पण वाळायला दोन-तीन दिवस जातात आणि कोकणातल्या पावसाळ्यात तर खळीला बुरशी धरते. पुस्तकबांधणी करणारे त्यासाठी खळीत मोरचूद घालतात, परंतु ते विषारी असल्याने मुलांसोबत काम करताना वापरू नये.

लहान मुलासोबत एका दुपारी काम संपवायचे असेल तर शंकूच घ्यावा. तासाभरात तबकडी हातात येते आणि चुकली तरी एक कार्डशीटच वाया जाते. शाळेच्या प्रदर्शनासाठी मी शंकूच्या अंगावर पाकळ्यांचा घुमट बसवीन, कारण संपूर्ण तबकडी पाकळ्यांची करण्यात श्रम तिप्पट आणि काठावरची धार मात्र बोथट, असा तोट्याचा व्यवहार होतो. लगदा निवडावा तो रंगकामाची हौस असणाऱ्याने.

प्रत्यक्ष बांधल्या गेलेल्या यंत्राची प्रतिकृती हवी असेल तर कॅनडाच्या अॅव्ह्रो कंपनीचे अॅव्ह्रोकार घ्यावे. अमेरिकी सैन्यासाठी तयार केलेले हे 18 फूट व्यासाचे चकतीसारखे यान 1959 मध्ये प्रथम उडाले, जमिनीपासून तीनएक फुटांच्या वर ते डळमळू लागे, आणि 1961 मध्ये प्रकल्प बंद झाला. एकास छत्तीस प्रमाणात त्याचा व्यास 15.2 सेंटिमीटर येतो. मध्यभागी घुमट नसून 5 फूट व्यासाचा पंखा होता, म्हणून येथे शंकूचे टोक कापून सुमारे 4.2 सेंटिमीटरचे भोक ठेवायचे. शंकूतला सर्वांत अवघड भाग, म्हणजे नीट न मिटणारे टोक, आपोआप टळतो. पाकळ्यांचे दोन इवलेसे घुमट मात्र दोन्ही बाजूंच्या आसनांसाठी करावेच लागतात, आणि ते काठ जोडण्यापूर्वी बसवावेत, कारण तबकडी एकदा बंद झाली की आतून बोटाचा आधार देता येत नाही.