पीआरसी-३२०, आठ महिन्यांनंतर: २,८०,००० चॅनेल आणि एक नसलेलं बटण

मागच्या रविवारी खिंडसी तलावाच्या काठावर माझा जुना फौजी रेडिओ सेट, पीआरसी-३२०, चौथ्यांदा मेला, म्हणून आज लिहायला बसलो. प्रेसल (बोलायचं बटण) दाबला, "सीक्यू" (कोणी ऐकतंय का, ही हाक) म्हटलं आणि सगळं गप. सुई पडलेली, खरखरसुद्धा नाही. बॅटरीला क्षणभर चार्जर लावला की गडी पुन्हा जिवंत. ३ वॉटवर तासभर काही होत नाही, ३० वॉटवर नेला की पहिल्याच जोरकस शब्दाला मान टाकतो. म्हणजे दोष सेटचा नाही, बॅटरी पॅकचा. मूळची २४ व्होल्टची निकेल-कॅडमियम कधीचीच संपलेली, म्हणून इथल्या एका दुकानातून आठ सेलचा लिथियम फॉस्फेट पॅक बांधून घेतला. ४,८०० रुपये. बिलावर "बीएमएस १० ॲम्प" लिहिलंय (बीएमएस म्हणजे करंट मर्यादेबाहेर गेला की पॅक बंद करणारा बोर्ड), उघडलं तर बोर्डावर ३ ॲम्प छापलेलं. दुकानदार म्हणतो, "भाऊ, तुमचा सेटच जुना आहे, करंट जास्त ओढून राहिला." आणि बोर्ड बदलायचे वरून ९०० मागतो. ते ९०० मी देणार नाही, मग ३ वॉटवर चालवावा लागला तरी बेहत्तर.

सेटची कुंडली सगळ्यांना पाठ असेल. ब्रिटिश फौजेचा, क्लान्समन घराण्यातला, सत्तरच्या दशकातला. माझ्याकडे आला तो एका ज्येष्ठ हॅमच्या, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाल्याच्या, घरून. ते सायलेंट की झाल्यावर (आमच्यात वारण्याला असं म्हणतात) मुलानं कागदपत्रांसकट २२ हजारांत दिला. महिनाभर घासाघीस केली, हजार रुपयेसुद्धा सुटले नाहीत.

आता मुद्द्याचं. या सेटवर एलएसबी, म्हणजे लोअर साइडबँड, नाही. आवाज फ्रिक्वेन्सीच्या एकाच बाजूला पाठवायचा, वरच्या बाजूला तो अप्पर (यूएसबी), खालच्या बाजूला तो लोअर, आणि दोन्ही टोकांना एकच बाजू नसेल तर शब्द कळत नाहीत. २ ते ३० मेगाहर्ट्झ, १०० हर्ट्झच्या पावलांनी २,८०,००० चॅनेल, आणि लोअर साइडबँडचं एक बटण नाही! फौजेला त्याचं काही वाटत नाही, त्यांचं एचएफ (शॉर्टवेव्ह) बोलणं सगळीकडे अप्पर साइडबँडवरच. आपण हॅम लोक मात्र १० मेगाहर्ट्झच्या खाली एलएसबी धरून बसलेलो. त्यामुळे ४० मीटर बँडवरचं (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) सकाळचं नेट, म्हणजे हॅम लोकांची हवेवरची ठरलेली बैठक, या सेटवर ऐकलं की बदकांची सभा भरल्यासारखं वाटतं. आवाज कळतो, माणूस ओळखू येतो, शब्द एक नाही. पहिले दोन महिने मी घरात याच एका गोष्टीवर बोलत होतो. बायको म्हणाली, "घ्यायच्या आधी विचारलं नाही काहून?" विचारलं नव्हतं.

त्या दोन महिन्यांत लिहिलं असतं तर "घेऊ नका" एवढंच लिहिलं असतं. पण मग अमरावतीच्या मित्रानं शहाणपण शिकवलं. त्याच्या नव्या रिगवर दोन्ही साइडबँड आहेत. ४० मीटरवर एलएसबी हा रिवाज आहे, कायदा नाही. त्यानं बटण दाबून यूएसबी लावलं, नेटपासून दूर एक मोकळी जागा धरली, आणि रामटेकच्या पायथ्याहून माझा आवाज त्याला ५९, म्हणजे एकदम स्पष्ट आणि जोरात, गेला. डायपोल (दोन बाजूंना ताणलेली तारेची अँटेना) जेमतेम दोन पुरुष उंचीवर होता. असा बुटका डायपोल सिग्नल सरळ वर फेकतो आणि तो आयनोस्फिअरवरून आजूबाजूच्या तीन-चारशे किलोमीटरांत पावसासारखा खाली येतो. सोबतचा २.४ मीटरचा व्हिप (उभी काठीसारखी अँटेना) ४० मीटरवर फोटोपुरता आहे, तिथे पाव तरंगालाच १० मीटर लागतात.

ट्यूनिंगवर मात्र जीव जडला. फ्रिक्वेन्सीचे खटके एकेक करून बसवायचे, हातमोजे घालूनही फिरतील असे. मग अँटेना ट्यूनरची मूठ हळूहळू फिरवायची. सुई आधी आळसावून हलते, मग एका जागी एकदम उठते, केसभर पुढे गेलं की बसते. केसभर मागे यायचं. आमचे आजोबा ट्रान्झिस्टरवर विविध भारती असंच पकडायचे. बँडवर हिंडून कोण बोलतंय ते शोधायचं असेल तर मात्र हा सेट घेऊ नका. खटके फिरवून फिरवून मनगट दुखतं.

वजन फ्रेम-बॅटरीसकट दहा-अकरा किलो. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत डबा असा तापतो की हँडसेट रुमालात धरावा लागतो. रामटेकला वानरानं डायपोलची एक बाजू ओढून नेली, वायर गेली, इन्सुलेटर सापडला. आणि हिरव्या रंगाचा त्रास वेगळाच. माणसं जमतात. एकानं विचारलं, "बॉम्ब हाय का बे?" त्यामागोमाग पोलीस. परवान्याची झेरॉक्स दाखवली, अर्धा तास गेला, शेवटी हवालदारसाहेबांनी स्वतः हेडफोन लावून पाहिला. त्यांनाही बदकंच ऐकू आली. मी एलएसबीचं समजावून सांगितलं, ते चहा प्यायला गेले.

२० मीटरवर तक्रार नाही, तिथे सगळे यूएसबीच बोलतात. संध्याकाळी सेमिनरी हिल्सवरून युरोपची दोन-तीन स्टेशनं सहज होतात. मोर्स काढायला साइडबँड लागत नाही, म्हणून हॅम परवान्याच्या जनरल ग्रेडच्या परीक्षेला मिनिटाला ८ शब्दांच्या वेगानं घोकलेलं आणि नंतर विसरलेलं पुन्हा काढलं. सध्या पाचवर आहे.

पण नेटवर हजेरी लागत नाही ती नाहीच. नेट कंट्रोलच्या काकांना मी विनंती केली होती, शेवटची दोन मिनिटं यूएसबी लावा. ते म्हणाले, "एका माणसासाठी वीस जणांनी बटण दाबायचं?" चूक नाही त्यांची. आता अमरावतीचा मित्र माझं नाव सांगतो, मी घरी बसून बदकांमध्ये माझा कॉलसाइन ओळखायचा प्रयत्न करतो.

सेट विकणार नाही. एलएसबी चालेल असा बदल सेटमध्ये करून देणारा कोणी नागपुरात किंवा वर्ध्यापर्यंत माहीत असेल तर कळवा. पाच हजारांच्या वर देणार नाही, आणि सेट माझ्यासमोर उघडायचा.