‘आठ चॅनेल यूएसबी’ मिक्सर घेणाऱ्या भजनी मंडळांसाठी

आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या भजनी मंडळाला रेकॉर्डिंगच्या सेटमध्ये, म्हणजे अनेक माईकचे आवाज एकत्र करणारा मिक्सर आणि सॉफ्टवेअर यात, ४८ हजारांना फसवलं गेलं. पैसे सप्ताहाच्या वर्गणीतून शिल्लक ठेवलेले होते. फसवणूक कशी झाली ते सविस्तर लिहितो, कारण तो माणूस अजून मंडळं शोधत फिरतोय.

आमचे बुवा ऐंशीच्या घरात आहेत. रूपाच्या अभंगापासून भैरवीपर्यंत त्यांच्या कितीतरी चाली गावात दुसऱ्या कुणाच्या गळ्यात नाहीत. त्या रेकॉर्ड करायच्या, पण बुवांचा आवाज, पेटी, पखवाज आणि टाळ वेगवेगळ्या ट्रॅकवर. म्हणजे पखवाज शिकणाऱ्या पोराला पखवाजाचा ट्रॅक बंद करून बुवांच्या गाण्याबरोबर स्वतः वाजवता येईल. एवढंच हवं होतं, आणि हे विक्रेत्याला पहिल्याच फोनवर सांगितलेलं होतं.

यासाठी दोन रस्ते आहेत. एक, स्वतंत्र हार्डवेअर रेकॉर्डर. झूम कंपनीच्या आर-१६ सारख्या यंत्रात आठ माईक थेट लावता येतात, आठ ट्रॅक एका वेळी एसडी कार्डावर वेगवेगळे उतरतात, कॉम्प्युटर लागत नाही आणि करंट गेला तरी सेलवर चालतं. आमच्याकडं पावसाळ्यात करंटचं काय होतं ते जांबोटी-कणकुंबीकडच्या माणसाला सांगायला नको. दुसरा रस्ता म्हणजे ऑडिओ इंटरफेस (माईकचे आवाज कॉम्प्युटरला पोचवणारं यंत्र), लॅपटॉप आणि सॉफ्टवेअर. यात नंतरचं काम सोपं जातं; कुठं खोकला आला, टाळ जास्त झाला, ते पडद्यावर बघून दुरुस्त करता येतं. दोन्ही रस्ते चांगले आहेत.

हा विक्रेता सीमेपलीकडचा. ‘स्टुडिओ लावून देतो’ म्हणून गावी आला, बुवांच्या पाया पडला, कुमार गंधर्व तुमच्याच जिल्ह्यातल्या सुळेभावीत जन्मले, ही माती सुरांची आहे, असं बरंच बोलला. मग म्हणाला, “हार्डवेअर रेकॉर्डर आता जुना झाला अण्णा, जमाना सॉफ्टवेअरचा आहे. अर्ध्या पैशात आठ चॅनेलचा यूएसबी मिक्सर देतो, वर ओरिजिनल सॉफ्टवेअर.” कोटेशनवर स्वतःच्या हातानं लिहिलं: ‘८ ट्रॅक स्वतंत्र रेकॉर्डिंग’. तो कागद आज आमच्या उपयोगाला येतोय.

डेमोही दिला. लॅपटॉपवर आठ ट्रॅक उघडले, माईकवर टिचकी मारली, आणि आवाज दाखवणाऱ्या आठही पट्ट्या एकदम हलल्या. “बघा, आठही चालू.” सगळ्यांनी माना डोलावल्या. खरी लबाडी त्या हलण्यातच होती. एका माईकवर टिचकी मारली तर एकच पट्टी हलायला हवी. त्यानं आठही ट्रॅकना एकच इनपुट जोडून ठेवलं होतं.

एकादशीच्या रात्री भजन रंगलं, बुवांचा आवाज लागला होता, सगळं रेकॉर्ड झालं. दुसऱ्या दिवशी पखवाजाचा ट्रॅक बंद केला, तरी पखवाज वाजतच राहिला. पेटीचा बंद केला, पेटी तशीच. प्रत्येक ट्रॅकमध्ये सगळं एकत्र, आणि पखवाजाखाली बुवांचा आवाज दबलेला. एकदा मिसळलेला आवाज नंतर स्वच्छ वेगळा होत नाही. पैशापेक्षा मला याचा जास्त राग आहे. ते भजन तसं परत होणार नाही.

बेळगावात रेकॉर्डिंगचं काम करणाऱ्या एका मुलाकडं फायली नेल्या. त्यानं एका ट्रॅकची फेज उलटी केली, म्हणजे आवाजाच्या लाटेचा वरचा भाग खाली आणि खालचा वर केला, आणि दुसऱ्या ट्रॅकबरोबर वाजवली. आवाज शून्य. दोन ट्रॅक तंतोतंत एकच असतील तरच असं होतं. आठही एकमेकांच्या नकला निघाल्या. त्यानं समजावलं ते असं: मिक्सरवर आठ चॅनेल असतात ते आठ आवाज एकत्र करण्यासाठी. यूएसबीच्या वायरीतून कॉम्प्युटरला किती जातात हा वेगळा हिशेब आहे, आणि स्वस्त मिक्सरमधून फक्त दोन जातात, डावा आणि उजवा. काही मिक्सरचं यूएसबी तर नुसतं पेनड्राइव्हवरची गाणी वाजवण्यापुरतं असतं. त्यामुळं खोक्यावरचे ‘८ चॅनेल’ आणि ‘यूएसबी’ हे दोन शब्द खरे, पण त्यातून विक्रेत्यानं सांगितलेला अर्थ खोटा.

सॉफ्टवेअर किंवा हार्डवेअर या वादात विक्रेता आपल्याला गुंतवतो आणि हा हिशेब झाकून ठेवतो. म्हणून दुकानातच सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकच्या इनपुटची यादी उघडायला लावा. तिथं फक्त १ आणि २ दिसले तर ते यंत्र दोनच ट्रॅकचं. मग प्रत्येक ट्रॅकला वेगळं इनपुट देऊन एकेका माईकवर टिचकी मारा. हार्डवेअर रेकॉर्डर असेल तर कार्ड काढून आठ वेगळ्या फायली ऐका.

‘ओरिजिनल सॉफ्टवेअर’ही चोरीचं निघालं. अँटिव्हायरस बंद ठेवा, लॅपटॉपला इंटरनेट लावू नका, असं तो दोनदा बजावून गेला होता. विकत घेतलेलं सॉफ्टवेअर आपल्या ईमेलच्या खात्यावर नोंदलेलं असतं किंवा निदान लायसन्स आपल्या नावावर येतं. आम्हाला यातलं काहीच मिळालं नव्हतं, आणि त्यासाठी ९ हजार लावले होते. ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. रीपर हे दुसरं सॉफ्टवेअर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं, आणि अनेक ट्रॅक वेगळे घ्यायला तेच बरं.

बिल मागितलं तेव्हा म्हणाला, तुम्ही कर्नाटकातले, माल महाराष्ट्राचा, बिल केलं तर टॅक्स जास्त पडतो. हेही खोटं. राज्याबाहेरून माल आला तर आयजीएसटी (आंतरराज्य जीएसटी) लागतो, राज्यातल्या राज्यात सीजीएसटी (केंद्राचा) आणि एसजीएसटी (राज्याचा). या शेवटच्या दोन्हींची बेरीज केली तर दर आयजीएसटीएवढाच. सीमेवरच्या आपल्या लोकांना ही थाप फार ऐकवली जाते.

पैसे परत मागितल्यावर त्यानं “केस करायची तर आमच्या जिल्ह्यात येऊन करा” असं उत्तर दिलं. तसं नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडं तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. रक्कम खजिनदारांच्या खात्यातून गेली होती म्हणून आम्ही त्यांच्या नावानं बेळगावला तक्रार दाखल केली आहे. सोबत ते कोटेशन, व्हॉट्सॲपचे मेसेज, बँकेची नोंद आणि फेज उलटी केलेली फाईल जोडली आहे. सेट खोक्यात बांधून ठेवलाय, कुणाला हात लावू देत नाही.

तो माणूस आता चंदगडकडच्या मंडळांना कोटेशन देतोय असं पाहुण्यांकडून कळलं. तुमच्याकडं आला तर पैसे देण्याआधी त्याच्या हातानं एवढंच लिहून घ्या: यूएसबीतून कॉम्प्युटरला एका वेळी किती स्वतंत्र ट्रॅक जातात. आणि पक्क्या बिलाशिवाय रुपयाही देऊ नका.