परका माणूस, कटाना आणि एक मोकळी शनिवारची रात्र

जपानी तलवारबाजीचा सिनेमा बघायचाय, पण नायक आपल्यासारखाच बाहेरचा, काही न कळणारा हवा. असं कुणी विचारलं की दोन नावं हमखास पुढे येतात. टॉम क्रूझचा ‘द लास्ट सामुराई’ (२००३) आणि कीआनू रीव्ह्जचा ‘४७ रोनिन’ (२०१३). दोन्हींच्या पोस्टरवर चिलखत, दोन्हींत उपटसुंभ परका आणि दोन्हींत जपानी नट हिरोयुकी सानादा. मी यात एक तिसरा घुसवणार आहे, १९७१चा ‘झाटोइची मीट्स द वन-आर्म्ड स्वोर्ड्समन’. त्याचं नाव सुचवलं की लोक आधी माझ्याकडे आणि मग घड्याळाकडे बघतात. घड्याळाची चिंता नको, तिघांत सगळ्यांत छोटा तोच आहे, जेमतेम दीड तासाचा.

निवडताना मी एकच कसोटी लावतो. तो परका माणूस गोष्टीतून उचलून बाहेर ठेवायचा आणि मागे काय उरतं ते बघायचं.

आधी ‘४७ रोनिन’, कारण त्याचा निकाल लवकर लागतो. मूळ घटना खरी आहे. १७०१ मध्ये एदोच्या, म्हणजे आजच्या टोक्योच्या, किल्ल्यात आको प्रांताचा सरदार आसानो याने किरा नावाच्या दरबारी अधिकाऱ्यावर तलवार उपसली. शोगुनच्या, म्हणजे लष्करी सत्ताधीशाच्या, वाड्यात शस्त्र काढल्याबद्दल त्याला त्याच दिवशी सेप्पुकू, म्हणजे स्वतःचं पोट चिरून आत्महत्या, करावी लागली. त्याचे सामुराई बेवारस झाले, म्हणजे रोनिन. त्यांचा म्होरक्या ओइशी क्योतोत जाऊन दारूत आणि बायकांत बुडाल्याचं सोंग करत राहिला. किराचे हेर बघत होते, म्हणून हे सगळं. पावणेदोन वर्षं त्याने स्वतःची अब्रू स्वतःच्या हाताने घालवली आणि १७०३च्या जानेवारीत एका रात्री साथीदारांसह किराच्या वाड्यावर चाल केली. किराचं डोकं त्यांनी धन्याच्या कबरीवर नेऊन ठेवलं. टोक्योतल्या सेंगाकुजी देवळात त्या सगळ्यांच्या कबरी आजही आहेत, आणि लोक तिथे उदबत्त्या लावतात.

या गोष्टीत परका माणूस कुठेच नाही. हॉलिवूडने त्यात काई नावाचा अर्धा इंग्रज, अर्धा जपानी तरुण घातला. तोही उपरा वाटू नये म्हणून सोबत चेटकीण, ड्रॅगन आणि जंगलातले राक्षस घातले. ओइशीचं सोंग, म्हणजे या कथेचा प्राण, काढून टाकलं. सिनेमात त्याला खड्ड्यात डांबतात आणि वर्षभराने बाहेर काढतात, झालं. ज्याने दारुड्याचं नाटक करायचं त्या भूमिकेत सानादासारखा नट घेतला आणि त्याला नाटकच करू दिलं नाही, हा माझा जुना राग आहे. दुसरी खोट भाषेची. सगळे जपानी आपापसांत इंग्रजीच बोलतात. त्यामुळे काई परका आहे हे आपल्याला कळतं ते फक्त त्याला कुणी ‘संकर’ म्हणून हिणवलं की. साडेसतरा कोटी डॉलर ओतले, जगभरातून तेवढेही परत आले नाहीत. जपानी प्रेक्षकांनीही पाठ फिरवली, आणि त्यात नवल नाही. शिवचरित्रात कुणी ड्रॅगन आणून सोडला तर आपण काय केलं असतं?

तरीही काहींसाठी हाच बरा. कपडेपट देखणा आहे, रंग भरगच्च आहेत आणि घरात ड्रॅगनवेडी पोरं असतील तर पहिला तासभर ती हलणार नाहीत. मात्र शेवटी सामूहिक सेप्पुकू आहे. बाळबोध वाटणाऱ्या सिनेमाचा शेवट बाळबोध नाही, एवढं लक्षात असू द्या.

‘द लास्ट सामुराई’ला हीच कसोटी लावली की उत्तर गुंतागुंतीचं येतं, म्हणून इथे जरा थांबतो. १८७६ साल. अमेरिकेतल्या यादवीत आणि नंतर तिथल्या मूलनिवासींच्या कत्तलीत हात माखलेला, दारूत बुडालेला कॅप्टन नेथन आल्ग्रेन जपानी बादशाहाच्या नव्या फौजेला बंदूक चालवायला शिकवायला येतो. शेतातून उचलून आणलेले हे शिपाई अजून तयार नाहीत हे वरिष्ठांना पटवण्यासाठी आल्ग्रेन त्यातल्या एकाला आपल्याच अंगावर, आल्ग्रेनवर, गोळी झाडायला लावतो. त्या पोराचे थरथरते हात बघा, पुढच्या पराभवाचं सगळं कारण तिथे आहे. मग धुक्यातली लढाई होते, आल्ग्रेन पकडला जातो आणि बंडखोर कात्सुमोतोच्या डोंगरातल्या गावात त्याचा हिवाळा जातो.

सिनेमाचा सगळ्यांत चांगला भाग म्हणजे हा हिवाळा. तिथे त्याच्याशी इंग्रजीत बोलणारा जवळपास एकटा कात्सुमोतो, म्हणजे केन वातानाबे. बाकी सगळं हावभावांनी आणि शिकलेल्या चार शब्दांनी चालतं. ज्या घरात त्याला ठेवलंय तिथल्या बाईचा नवरा त्यानेच मारलेला असतो. सानादा इथे उजिओ नावाचा तुसडा तलवारबाज आहे. पावसात, चिखलात, लाकडी तलवारीने तो आल्ग्रेनला पुन्हापुन्हा लोळवतो आणि आल्ग्रेन पुन्हापुन्हा उठतो. तिथे संवादाची गरजच पडत नाही. परका माणूस जपानी तलवारबाजांत कसा शिरतो याचं उत्तर त्या दृश्यात मिळतं: मार खाऊन.

मग खोट कुठे? इतिहासात. कात्सुमोतोच्या मागे उभा आहे साइगो ताकामोरी, सात्सुमा या दक्षिणेकडच्या प्रांतातल्या बंडाचा नेता, जो २४ सप्टेंबर १८७७ रोजी कागोशिमाच्या शिरोयामा टेकडीवर मारला गेला. त्याच्या लोकांनी बंदुका आणि तोफा भरपूर वापरल्या. दारूगोळा संपल्यावर शेवटी तलवारी उरल्या. सिनेमातला ‘आम्ही बंदुकीला शिवत नाही’ हा सोवळेपणा पटकथेचा आहे. नव्या फौजेला शिकवायला त्या काळात फ्रेंच अधिकारी होते, आणि सामुराईंच्या बाजूने लढलेला खरा परका झ्यूल ब्र्यूने हाही फ्रेंचच, तो १८६८–६९च्या लढायांतला. (याच कागोशिमात १५४९ मध्ये फ्रान्सिस झेवियर उतरला होता. त्याला वाट दाखवणारा आंजिरो तिथलाच, गोव्यात बाप्तिस्मा घेतलेला. गोव्याचा माणूस हा सिनेमा बघत असेल तर त्याने तेवढं मनात ठेवावं.)

आणि तो शेवट! गॅटलिंग तोफांपुढे, म्हणजे फिरत्या नळ्यांतून सलग गोळ्या झाडणाऱ्या यंत्रांपुढे, सगळे कोसळतात, आल्ग्रेन मात्र वाचतो. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आताही पटत नाही. पण आल्ग्रेनला काढलं तर काय उरतं? कात्सुमोतोची गोष्ट उरते, ती उभीही राहते, पण तिच्याकडे बघणारा आपला डोळा जातो. म्हणजे हा परका नायक म्हणून अनावश्यक आहे, पण साक्षीदार म्हणून हवाच. अडीच तासांहून चार मिनिटं जास्त लांबी आहे, तेव्हा जेवणं उरकून बसा.

आता माझा लाडका. झाटोइची हा आंधळा मालिशवाला, जुगारी, काठीत तलवार लपवून उलट्या मुठीने चालवणारा. शिंतारो कात्सुने ही भूमिका २६ चित्रपटांत केली, त्यातला हा बाविसावा. आधीचे एकवीस बघायची गरज नाही. इथे परका आहे चीनमधून आलेला एका हाताचा तलवारबाज, हाँगकाँगचा तारा जिमी वांग यू. जपानात पाय ठेवतो न ठेवतो तोच एका सरदाराची स्वारी रस्त्याने जात असते. पतंगामागे धावणारं एक चिनी पोर तिच्यापुढे येतं आणि सामुराई त्याला कापायला निघतात. वांग मध्ये पडतो, लोक मरतात आणि सगळं खापर त्याच्यावर फुटतं. पोर झाटोइचीच्या पदरात येऊन पडतं.

पुढे दोन भली माणसं एकाच पोरासाठी झटतात, पण एक बोलतो जपानी आणि दुसरा चिनी. आपण खाली सबटायटल वाचत असतो, त्यामुळे दोघांचंही म्हणणं आपल्याला कळतं, आणि त्यांना मात्र एकमेकांचं कळत नाही. सबटायटलचा कंटाळा असलेल्यांना मी मुद्दाम हेच सांगतो. हा सिनेमा डब केला तर त्यातलं काहीच उरणार नाही. तलवारीसुद्धा दोन भाषा बोलतात. कात्सु जागचा हलत नाही, एकदा वळतो आणि चार माणसं पडतात. वांग उड्या मारतो, भिंतीवरून येतो. या दोन शैली समोरासमोर आल्या तर काय, ही उत्सुकता सिनेमा शेवटपर्यंत ताणतो. शेवट सांगत नाही.

इथे परक्याला काढून बघा, सिनेमाच शिल्लक राहत नाही.

तेव्हा असं करा. घरात आठदहा जण असतील, सबटायटल कमीच हवी असतील, तर ‘लास्ट सामुराई’. मोठा पडदा असेल तर दुसरा विचारही नको. एकटे असाल किंवा सोबतीला वाचत बघण्याची तयारी असलेला एखादा मित्र असेल, तर झाटोइची. ‘४७ रोनिन’ पावसाळ्यातल्या दुपारी, इस्त्री करता करता. आणि सानादासाठीच बघत असाल तर या तिन्हींऐवजी २०२४ची ‘शोगुन’ मालिका लावा. दहा भाग, जपानी लोक जपानीच बोलतात, आणि खड्ड्यात डांबलेल्या त्या माणसाला यात सोंग करायला भरपूर जागा मिळालीय.