जगज्जेत्याशी रोल, की आपल्याच मॅटवरच्या वरचढ भिडूशी?

दहा दिवसांची रजा साठली आहे, थोडे पैसेही बाजूला पडलेत आणि डोक्यात किडा वळवळतोय: ज्या ब्राझिलियन जिउ-जित्सू चॅम्पियनचे सामने आपण रात्र जागून बघतो, त्याच्या अकॅडमीत जाऊन एकदा तरी त्याच्याशी रोल, म्हणजे सरावाची झटापट, करायचं. मलाही तो किडा चावला होता. मी पर्पल बेल्ट (व्हाइट, ब्लू, पर्पल, ब्राऊन, ब्लॅक या चढत्या क्रमातला मधला), मॅटवरचं हे नववं वर्ष, वजन ७२ किलो, दिवसभर खुर्चीतली नोकरी, आठवड्यातून तीन संध्याकाळी जिउ-जित्सू. खेळलेल्या स्पर्धा एका हाताच्या बोटांवर मोजून संपतात. अशा माणसाने दोनदा जाऊन आल्यावर, त्यातल्या एका वेळी बरगडी दुखावून घेतल्यावर लिहिलेला हा आढावा आहे. जाण्याचा विचार करणाऱ्यांनी तेवढ्याच मापाने वाचावा.

तुलना करताना आपण डोळ्यांपुढे दोनच माणसं आणतो: तिकडचा चॅम्पियन आणि इकडचे आपले रोजचे लोक. प्रत्यक्षात तिथे पोचल्यावर तिसराच माणूस सगळ्यात जास्त वाट्याला येतो, तो म्हणजे चॅम्पियनच्या मॅटवर घडत असलेला, नाव न झालेला तरुण. दहा दिवसांत चॅम्पियनशी माझे तीन राऊंड झाले. त्या पोरांशी किती झाले हे मोजायचंही मी सोडून दिलं. निर्णय घेताना हा हिशेब आधी मांडा.

खुद्द चॅम्पियन

वर्गाच्या शेवटी कोचने बोट दाखवलं, "तू, याच्याबरोबर." हात मिळवला, मूठ टेकवली, दोघं गुडघ्यांवर बसलो. त्याने डाव्या हाताने माझी कॉलर धरली. खुंटीला शर्ट अडकवावा इतकी सहज. मी दोन्ही हातांनी पकड सोडवली. त्याने पुन्हा धरली, मी पुन्हा सोडवली. तिसऱ्यांदा मी त्या पकडीशी झटत असताना त्याचा उजवा हात माझ्या गुडघ्यामागे कधी पोचला ते कळलंच नाही आणि मी पाठीवर होतो. पुढची दोन-अडीच मिनिटं हाफ गार्डमध्ये, म्हणजे खालून त्याचा एक पाय माझ्या पायांत धरून, गेली. त्याचा खांदा माझ्या जबड्याखाली, माझं तोंड भिंतीकडे वळलेलं, आणि जिथून अंडरहुक (काखेखालून हात) घालावा तिथे त्याचा कोपर आधीच येऊन बसलेला. माझ्याहून तो दहाएक किलोने जड असेल. छातीवर मात्र दोन माणसं बसल्यासारखं वाटत होतं. मी श्वास सोडला की तो बोटभर खाली यायचा आणि तिथेच मुक्काम करायचा. शेवटी मी टॅप केलं, म्हणजे थाप मारून हार मानली. गळा आवळणारा चोक नव्हता, कोपर ताणणारा आर्मबार नव्हता, नुसत्या भाराला टॅप केलं. तो लगेच उठला, "ठीक आहेस ना?" म्हणाला आणि परत गुडघ्यांवर बसला.

सहा मिनिटांत पाच टॅप. दुखलं एकदाही नाही.

म्हणजे भीतीच्या बाबतीत आपला अंदाज साफ उलटा असतो. जगातल्या सर्वोत्तम माणसांपैकी एकाशी झालेला राऊंड माझ्या सगळ्या प्रवासातला सर्वात सुरक्षित राऊंड होता. त्याला घाई नसते, आपल्यासमोर काही सिद्ध करायचं नसतं, आणि सगळं शरीर ताब्यात असल्यामुळे सबमिशन (हार मानायला लावणारी पकड) इतकं सावकाश येतं की टॅप करायला भरपूर वेळ मिळतो.

शिकण्याचं काय? त्या रात्री वहीत तीन ओळी लिहिल्या. "कॉलर सोडवताना त्याच्या दुसऱ्या हाताकडे लक्ष." "खांदा जबड्याखाली यायच्या आत मान सोडव." "श्वास रोखू नकोस." बस. पाचपैकी चार वेळा त्याने मला नेमकं कसं गाठलं हे तेव्हाही सांगता आलं नसतं आणि आजही येणार नाही. अंतर इतकं मोठं असतं की चूक आणि शिक्षा यांच्यात आपण सात-आठ पायऱ्या मागे राहिलेले असतो. कुठली पायरी चुकली हे दिसणार कसं?

तरी एक गोष्ट तिथेच मिळते, ती म्हणजे माप. या खेळातला दिग्गज रॉजर ग्रेसी याने २००९च्या जागतिक स्पर्धेत समोर आलेल्या प्रत्येकाला सबमिशनने हरवलं. त्याचं हुकमी हत्यार म्हणजे माउंटवरचा, म्हणजे समोरच्याच्या छातीवर बसून घातलेला, क्रॉस कॉलर चोक, आपल्याला पहिल्या काही महिन्यांत शिकवतात तोच. काय येतंय हे समोरच्याला ठाऊक असायचं, तरी ते यायचं. हे वाचून मी अनेकदा मान डोलावली होती. बरोबर घातलेला क्रॉसफेस, म्हणजे खांद्याने तोंड वळवणारा तो दाब, जबड्यावर दोन मिनिटं सोसल्यावर लक्षात आलं, की आजवर मी घालत होतो त्याला क्रॉसफेस म्हणणं धाडसाचं आहे.

जाता जाता: काही चॅम्पियन पाहुण्याला खेळवतात. गार्ड पास करू देतात (म्हणजे पायांचा बचाव ओलांडू देतात), पाठ देतात, मग हसत हसत बाहेर पडतात. परत आल्यावर "मी त्याचं गार्ड पास केलं" असं कुणाला सांगू नका. ऐकणाऱ्याला खरं काय ते माहीत असतं.

त्याच्या मॅटवरची पोरं

बरगडी इथे गेली. बाविशीतला पर्पल बेल्ट, स्पर्धा तीन आठवड्यांवर, दिवसातून दोनदा सराव. बेल्ट माझ्याच रंगाचा म्हणून मी निर्धास्त होतो. हा रंग अशा ठिकाणी फार फसवतो. २०२२ साली केड रुओटोलोने एडीसीसी या मोठ्या जागतिक स्पर्धेचा ७७ किलो गट जिंकला, तेव्हा तो १९ वर्षांचा होता. असा मुलगा जगाला माहीत होण्याआधी कुठल्या तरी मॅटवर पर्पल बेल्ट बांधून पाहुण्यांशी रोल करत असणारच. तुमच्यासमोर बसलेला पोरगा त्यातला आहे की नाही, हे पहिल्या मिनिटात समजतं. तेव्हा उशीर झालेला असतो.

त्याने नियमाबाहेर काही केलं नाही, हे आधी सांगतो. नी-ऑन-बेली, म्हणजे पोटावर त्याचा गुडघा, लागला होता. मी त्याला स्पर्धेत मिळणारे दोन गुण वाचवल्यासारखा उलट्या बाजूला वळलो. इथे गुण मोजतंय कोण? बारीकसा आवाज आला. मी तरी टॅप केलं नाही आणि अर्धं मिनिट ताणून धरलं. परिणाम: पाच आठवडे मॅट बंद, शिंक आली की डोळ्यांत पाणी. दहा दिवसांच्या शिकण्यापायी पाच आठवड्यांचा सराव बुडाला.

या पोरांचा दोष नाही. त्यांना समोर खरा प्रतिकार हवा असतो आणि पाहुणा म्हणजे सवयी माहीत नसलेला ताजा प्रतिस्पर्धी. चॅम्पियनने अंगात मुरवलेला ताबा त्यांच्यात अजून उतरलेला नसतो. वेग आणि दम मात्र पुरेपूर असतो. नो-गी, म्हणजे सरावाचा जाड पोशाख (गी) न घालता होणाऱ्या, वर्गात हा प्रकार आणखी अवघड होतो. आयबीजेजेएफ या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत हील हुक (टाच पिळण्याचा डाव) फक्त नो-गीमध्ये आणि तोही प्रौढ ब्राऊन व ब्लॅक बेल्टनाच चालतो, पण अनेक नो-गी जिममध्ये रोजच्या सरावात पर्पल काय, ब्लू बेल्टही सर्रास हील हुक घालतात. हील हुकमध्ये गुडघा पिळला जातो, आणि दुखायला लागेपर्यंत स्नायुबंध गेलेला असू शकतो. ज्याच्या जिममध्ये पायांचे डाव शिकवले जात नाहीत, त्याने पहिल्याच दिवशी कोचला तसं सांगावं आणि भिडूलाही प्रत्येक राऊंडआधी सांगावं. सांगायला लाजलो तर सहा महिने लंगडावं लागेल.

असं असूनही, तुम्ही स्वतः स्पर्धा खेळत असाल तर तुमच्या कामाची माणसं हीच. चॅम्पियन सौजन्याने झाकून ठेवतो ते ही पोरं उघडं पाडतात. माझा दम चौथ्या मिनिटाला संपतो, हे मला चॅम्पियनच्या तीन राऊंडमध्ये कळलं नव्हतं. ब्लू बेल्टचा स्पर्धेतला सामना सहा मिनिटांचा, पर्पलचा सात, ब्लॅकचा दहा. चौथ्या मिनिटाला संपणाऱ्या माणसाने उरलेल्या मिनिटांचं काय करायचं, हा प्रश्न त्या पोरांनीच माझ्यापुढे टाकला.

घरचा ब्राऊन बेल्ट

याच्याविषयी कुणी स्वप्नं बघत नाही. तो तोच असतो, त्याच कोपऱ्यात गुडघ्याला पट्टी गुंडाळत बसलेला. पण हिशेब करून बघा. आठवड्याला तीन राऊंड, प्रत्येकी सहा मिनिटं, वर्षाचे अठ्ठेचाळीस आठवडे धरले तर साडेचौदा तासांच्या आसपास होतात. चॅम्पियनशी माझी झटापट एकूण अठरा मिनिटांची.

तासांपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे तो फक्त दोन पावलं पुढे आहे. त्याने मला पकडलं की कुठे पकडलं ते मला दिसतं. पुढच्या वेळी मी ती जागा झाकतो, मग तो दुसरी शोधतो. दहातून एकदा मीही त्याला गाठतो, आणि त्या एका वेळेत जे समजतं ते नऊ टॅप खाऊन समजत नाही. शिवाय राऊंड संपल्यावर तो तिथेच बसलेला असतो. "परत दाखव" म्हटलं की परत दाखवतो.

तोटा एकच, पण मोठा. एकाच विहिरीतले बेडूक एकमेकांची उडी पाठ करतात. माझं डे ला रिवा नावाचं गार्ड घरच्या मॅटवर अभेद्य समजलं जायचं. बाहेर गेल्यावर पहिल्या दिवशी ते चार जणांनी वेगवेगळ्या रीतीने पास केलं. त्यातल्या दोन रीती मी पाहिल्यासुद्धा नव्हत्या. घरचा ब्राऊन बेल्ट जे करत नाही, त्याचा बंदोबस्त आपल्याकडे कधीच तयार होत नाही.

मग जायचं का?

व्हाइट बेल्टने माझ्या मते जाऊ नये. दर्शनाला जायचं असेल तर खुशाल जा, फोटो काढा, पण शिकायला जातोय असं स्वतःला सांगू नका. काय चुकलं हे विचारण्याइतकी भाषा अजून आलेली नसते. ब्लू बेल्ट दोनेक वर्षं बांधून झाला असेल आणि मनात एक ठरावीक अडचण असेल, तर जा. वय चाळिशीपुढे असेल किंवा गुडघे कुरकुरत असतील तरीही जा, फक्त स्पर्धेच्या तयारीचा वर्ग बाहेर बसून बघा. तिथे नाही म्हणण्यात कमीपणा नाही. कोचला उलट बरंच वाटतं. आकाराने लहान असलेल्यांनी, विशेषतः महिलांनी, वरच्या वर्गात आपल्या वजनाचं कोण असतं हे निघण्याआधी लिहून विचारावं. पहिली खेप गीमध्ये असलेली बरी. कापडाच्या पकडींमुळे सगळं थोडं संथ होतं आणि काय चाललंय ते कळायला उसंत मिळते. अनेक ठिकाणी वरच्या बेल्टला आपणहून रोल मागणं शिष्टाचारात बसत नाही, म्हणून कोचमार्फत विचारा. नखं कापून जा, हे सांगावं लागू नये, पण लागतं.

सेमिनार मला फारसे पटत नाहीत. चाळीस माणसं, दोन-तीन तास, चार डाव, शेवटी रांगेत प्रत्येकाशी मिनिटभर रोल. त्या मिनिटाला राऊंड म्हणायचं तर हात मिळवण्याला कुस्ती म्हणावं लागेल. त्यापेक्षा मार्सेलो गार्सियाने आपल्या अकॅडमीतल्या रोजच्या सरावाचे व्हिडिओ ऑनलाइन ठेवले होते, तसलं काही मिळालं तर घरी बसून बघा. एडीसीसीचं विजेतेपद चार वेळा मिळवलेला माणूस साध्या विद्यार्थ्याशी कसा रोल करतो, हे सामन्यांत कधीच दिसत नाही, आणि तुमच्या वाट्याला तर नेमकं तेच येणार असतं.

खाजगी तास मात्र घ्या. ताशी हिशेबाने सगळ्यात महाग तोच. मी पहिल्या खेपेला पैसे वाचवले आणि नुसते राऊंड केले. दुसऱ्या खेपेला एक तास घेतला आणि नवीन डाव काही मागितला नाही. "दहा मिनिटं रोल करू, मग मी कुठे मरतो ते सांगा," एवढंच म्हणालो. शिकवणाऱ्या कोचने तीन वेळा माझं गार्ड पास केलं, तिन्ही वेळा वेगळ्या बाजूने, आणि थांबून माझ्या उजव्या तळव्यावर टिचकी मारली. गार्ड सुटायला लागलं की मी तोल सावरायला हा हात मॅटवर टेकतो. टेकला की तिकडची बाजू उघडी, मग पास कुठलाही असो. नऊ वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण घरी त्याची शिक्षा कधी मिळालीच नव्हती.

परतल्यावर ब्राऊन बेल्टला एवढंच सांगितलं, की माझा उजवा हात मॅटला टेकला की पकडायचा. पहिल्या संध्याकाळी त्याने तो अकरा वेळा पकडला. चार महिने झाले; गेल्या गुरुवारी दोनदा.