एटीव्हीचे टायर आणि कमी दाबाचा गेज: काजूच्या एका हंगामानंतरचा अनुभव

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या काजूच्या बागेत एटीव्ही, म्हणजे खडबडीत रानवाटांवर चालणारी जाड टायरांची छोटी चारचाकी, घेतली ती सड्यावरून (जांभ्या दगडाच्या पठारावरून) खाली डांबरी रस्त्यापर्यंत काजूची पोती आणि बोंडांची, म्हणजे काजूच्या फळांची, पिंपे उतरवण्यासाठी. इंजिन, फोर-व्हील ड्राइव्ह आणि ओढण्याची ताकद यांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे आणि त्यात मला काही उणे दिसले नाही. हा अनुभव केवळ टायरांचा आहे, कारण ऐन हंगामात, बाग बोंडांनी भरलेली असताना, मागचा डावा टायर बाजूने फाटला आणि टायर वॉरंटीत बसत नाही असे सांगून विक्रेत्याने हात वर केले.

त्या दिवशी माझे मत असे झाले होते की कंपनीने बसवून दिलेले टायर आपल्या जांभ्याच्या सड्यासाठी नाहीतच. आज ते मत बरेच बदलले आहे, आणि त्याला कारण ठरला काही शे रुपयांचा, टायरातला कमी दाब मोजणारा गेज.

गाडीवरच्या स्टिकरवर पुढे-मागे 5 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब लिहिलेला आहे. मोटारीच्या टायरात 30 पीएसआयच्या आसपास हवा असते आणि आपल्याकडचे बहुतेक गेज तिच्यासाठीच बनवलेले असतात. त्यांपैकी अनेकांवर 10 च्या खाली आकडाच नसतो. सर्व्हिसिंगहून गाडी परत आली तेव्हा टायर अंगठ्याने जराही दबत नव्हते. तिथल्या मुलाने मोटारीचाच गेज लावला होता, म्हणजे 5 मोजण्याचे साधनच त्याच्या हाती नव्हते. मला राग आहे तो या गोष्टीचा. ज्या गाडीचे सगळे चालणे एक-दोन पीएसआयवर अवलंबून आहे, तिच्या टूलकिटमध्ये हा गेज नसावा आणि सर्व्हिस सेंटरच्या भिंतीवरही नसावा, हे मला पटत नाही. शून्य ते 15 पीएसआयपर्यंत मोजणारा आणि अर्ध्या पीएसआयच्या रेषा असलेला गेज मी शेवटी मागवून घेतला.

हवा जास्त असली की टायर दगडाला सामावून घेत नाही. जांभ्याची कड जमिनीला टेकणाऱ्या नक्षीच्या एकाच गुटक्यावर येते, सगळा भार तिथे पडतो आणि रबर चिरते. शिवाय गाडी उडत चालते ते वेगळेच. हवा कमी झाली की टायरची बाजू फुगून रिमच्या बाहेर येते, आणि ही बाजू, म्हणजे साइडवॉल, हा तर टायरचा सर्वांत पातळ भाग. त्यातच दगडावर जोरात आदळले की रबर रिम आणि दगड यांच्यामध्ये चेपून दोन्हीकडून कापले जाते, आणि उतारावर तिरके वळताना टायरची कडा रिमवरून निसटू शकते. या दोहोंमधली योग्य जागा फार अरुंद आहे.

आता मी सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी, सावलीत दाब पाहतो. टायर दहा अंश तापला तर दाब सुमारे पाऊण पीएसआयने वाढतो. 30 पीएसआयच्या टायरात एवढ्या फरकाने काही बिघडत नाही, पण 5 च्या टायरात तो मोठाच असतो. म्हणून दुपारी तापलेल्या टायरातली हवा कमी करू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मऊ पडलेला सापडतो. मागचे दोन्ही टायर सारखे ठेवणेही तितकेच आवश्यक आहे. ते नसले तर गाडी एका बाजूला ओढते, आणि लादलेल्या पिंपांसह उतारावर ते मुळीच परवडणारे नाही.

साइडवॉल फाटण्याला मात्र दगडापेक्षा आमची बेणणीच अधिक कारणीभूत होती. बोंडे वेचता यावीत म्हणून हंगामापूर्वी झाडांखालची कुड्याची, करवंदाची झुडपे आणि रानमोडी कोयत्याने तोडतात. घाव तिरका बसतो आणि वीतभर खुंट उभा राहतो. उन्हात वाळला की त्याचे टोक सुळ्यासारखे होते आणि वर काजूचा पाला पडल्यामुळे ते दिसतही नाही. फाटलेल्या टायरात असाच बोटभर जाडीचा खुंट अडकून राहिला होता. गाडीच्या वाटेवरचे खुंट आता जमिनीसरसे, आडवे कापून घेतो. गड्यांची मजुरी थोडी वाढते, पण एका टायरच्या किमतीपुढे ती काहीच नाही.

टायरात भरायच्या द्रव सीलंटविषयीही माझे मत हंगामाच्या मध्यावर बदलले. सुरुवातीला मला तो वायफळ खर्च वाटत होता. नंतर लक्षात आले की करवंदाच्या काट्याने नक्षीत पडणारी बारीक छिद्रे तो खरोखरच बुजवतो आणि रोजची पंक्चरची कटकट मिटते. बाजूच्या चिरेवर मात्र त्याचा उपयोग नाही, आणि टायर उघडला की रिम धुऊन काढावी लागते म्हणून पंक्चरवाला कुरकुर करतो. पंक्चरच्या स्ट्रिप आणि पायपंप गाडीवर असतातच. स्ट्रिपदेखील नक्षीतल्या छिद्रापुरतीच, बाजूला ती भरवशाची नाही.

पावसाळ्यात दुखणे निराळे असते. तांबडी माती रिम आणि टायरच्या कडेमध्ये शिरते आणि हवा हळूहळू उतरत राहते. साबणाचे पाणी लावले की बुडबुडे दिसतात. टायर सोडवून कडा स्वच्छ पुसली की पुष्कळदा तेवढ्यानेच भागते. व्हॉल्व्हचे टोपण हरवले असेल तर तिथेही मातीच जाते, म्हणून ते आधी आणावे.

फाटलेल्या टायरच्या जागी सहा प्लायचा (सहा थरांच्या ताकदीचा) टायर बसवला आहे, आणि मागची जोडी सारखी असावी म्हणून उजवाही तसाच घेतला. बाजू जाड असल्यामुळे खुंटांचे भय कमी झाले, पण हादरे थोडे अधिक बसतात. पुढचे दोन्ही कंपनीचेच आहेत आणि योग्य दाबावर ते हा हंगाम चांगले चालले. नक्षी उरली आहे तोवर ते बदलण्याचे कारण मला दिसत नाही.