पगारी पीएचडी: इथली जेआरएफ, अमेरिकेतली असिस्टंटशिप की नेदरलँड्सची नोकरी?

भाषाविज्ञान किंवा कम्युनिकेशन स्टडीजमध्ये एमए झालं, पीएचडी करायची आहे आणि घरून पैसे घ्यायचे नाहीत, इथवर ज्याचं ठरलंय त्याच्यासमोर साधारण तीन वाटा असतात. बहुतेक जण तिन्हींकडचे आकडे रुपयांत करून बघतात आणि अमेरिकेवर शिक्का मारतात. माझ्या मते आधी वेगळेच दोन प्रश्न विचारायला हवेत: त्या पैशाच्या बदल्यात तुमचे किती तास जातात, आणि संशोधनाचा विषय शेवटी कुणाचा राहतो? भाषेच्या अभ्यासात हे प्रश्न जास्त बोचतात. आपली सामग्री माणसांच्या तोंडी असते, आणि ती माणसं विद्यापीठाच्या आवारात राहत नाहीत.

जेआरएफपासून, म्हणजे नेट या राष्ट्रीय परीक्षेतून मिळणाऱ्या ज्युनिअर रिसर्च फेलोशिपपासून सुरुवात करू. १ जानेवारी २०२३पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि सीनिअर झाल्यावर ४२,००० रुपये, एकूण पाच वर्षं. घरभाडे भत्ता वेगळा, तो शहराप्रमाणे. हॉस्टेल मिळालं तर तो नाही. कंटिन्जन्सी, म्हणजे संशोधनाच्या खर्चाची रक्कम, मात्र मानव्यविद्यांना वर्षाला १०,००० आणि तिसऱ्या वर्षापासून २०,५००. यात एक बरा रेकॉर्डर येतो आणि थोडा एसटीचा प्रवास होतो. नेटमध्ये भाषाविज्ञान, मराठी, मास कम्युनिकेशन हे स्वतंत्र विषय आहेत. वयाची अट ३० वर्षं. महिलांना आणि आरक्षित प्रवर्गांना पाच वर्षांची सवलत.

या वाटेची खरी श्रीमंती वेळेत आहे. यूजीसीच्या २०२२च्या पीएचडी नियमावलीनुसार विद्यार्थ्याला शिकवण्या-तपासण्याचं काम द्यायचं ते आठवड्याला चार ते सहा तास. प्रत्यक्षात विभागाचे चर्चासत्राचे पाहुणे स्टेशनवरून आणणं त्या तासांत धरत नाहीत, हे वेगळं सांगायला नको. तरी अमेरिकेत आठवड्याला वीस तास काम असतं, त्यापुढे हे काहीच नाही. विषयही तुमचा असतो. गाईडला पटवायचा एवढंच.

अडचण दोन ठिकाणी येते. एक, जागा. प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच विद्यार्थी असू शकतात. भाषाविज्ञानाचे विभाग मुळात मोजके, त्यामुळे जेआरएफ हातात आणि गाईडकडे जागा नाही, असं होतं. जेआरएफचं पत्र तीन वर्षं चालतं, तेवढ्यात प्रवेश मिळवायचा. दुसरी अडचण पैसे वेळेवर येण्याची. दर महिन्याला विद्यापीठातल्या ‘मेकर’ने तुमचं नाव बँकेच्या पोर्टलवर भरायचं आणि ‘चेकर’ने ते मंजूर करायचं, मग पैसे सुटतात. यातला एक जण रजेवर गेला की तुमचा महिना कोरडा. म्हणून पहिल्याच आठवड्यात गाईडच्या आधी या दोघांची ओळख करून घ्या.

जेआरएफ नाही झाली तर केंद्रीय विद्यापीठांत बिगर-नेट फेलोशिप आहे, पण ती महिना ८,०००. त्यावर पुण्यात खोलीही धड मिळत नाही. आयआयटी मुंबईच्या मानव्यविद्या विभागाची टीएशिप (टीचिंग असिस्टंट, म्हणजे टीए म्हणून काम करून मिळणारी रक्कम) हा त्याहून कितीतरी बरा पर्याय. महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या फेलोशिप आहेत, आणि त्यांनी कितीतरी घरांतली पहिली पीएचडी शक्य केली. पण मंजुरीसाठी, रकमेसाठी विद्यार्थ्यांना आंदोलनाला बसावं लागलं आहे, हेही गणितात धरा.

आता अमेरिका. तिथल्या ऑफर लेटरमध्ये साधारण हे असतं: नऊ महिन्यांचा स्टायपेंड, पन्नास टक्के नेमणूक म्हणजे आठवड्याला वीस तास, ट्यूशन माफ, आरोग्यविम्यात वाटा. पत्र वाचताना ‘नऊ महिने’ इथे थांबा, कारण उन्हाळ्याचे तीन महिने तुमचे तुम्हाला बघायचे असतात. ट्यूशन माफ म्हणजे फी माफ नव्हे. दर सेमिस्टरला काही शे डॉलर ‘फीज’ म्हणून जातात. सत्र ऑगस्टमध्ये सुरू होतं, पण पहिला पगार हातात यायला सप्टेंबरही उजाडू शकतो, तेव्हा दोन-तीन हजार डॉलर सोबत लागतात. वीस तासांची मर्यादा विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसाचीही आहे, म्हणजे सत्र चालू असताना आवारातसुद्धा जास्तीचं काम घेता येत नाही. करात मात्र भारतीय विद्यार्थ्याला एक सोय आहे: दोन देशांतल्या कर-कराराच्या २१व्या कलमामुळे त्याला स्टँडर्ड डिडक्शन घेता येतं, जे बहुतेक इतर देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही.

कम्युनिकेशन विभागांत हे वीस तास म्हणजे बहुतेक वेळा पब्लिक स्पीकिंगचा पायाभूत कोर्स. तिथे टीए प्राध्यापकाचा मदतनीस नसतो, वर्ग त्याचाच असतो. चोवीस मुलांचा एक वर्ग धरा. प्रत्येकाचं सात मिनिटांचं भाषण म्हणजे १६८ मिनिटं; पन्नास मिनिटांचे तीन तास संपून चौथा सुरू होतो, आणि ही झाली एक फेरी. सत्रात अशा तीन-चार फेऱ्या, प्रत्येक भाषणावर लेखी अभिप्राय, आणि असे दोन वर्ग. पहिल्या वर्षी स्वतःचं वाचन रात्री अकरानंतरच होतं. पण दोन वर्षांत तुम्ही पक्के शिक्षक होता, आणि पुढे नोकरी मागताना ते दिसतं. शिकवायला उभं राहण्याआधी अनेक ठिकाणी परदेशी टीएची बोलण्याच्या इंग्रजीची परीक्षा होते. म्हणून टोफेल या इंग्रजीच्या प्रवेशपरीक्षेतल्या एकूण गुणांपेक्षा त्यातल्या स्पीकिंगच्या गुणांकडे लक्ष द्या.

मला सगळ्यात मोठी अडचण वाटते ती फिल्डवर्कची. समजा, तुम्हाला बुलढाण्याच्या जळगाव जामोद भागातल्या निहालीवर काम करायचंय. कोणत्याच भाषाकुळात न बसणारी आणि बोलणारे दोनेक हजार उरलेली ही भाषा आहे. टीए म्हणून तुम्ही सत्रभर आवाराला बांधलेले. सुट्टी मिळणार मे ते ऑगस्ट. म्हणजे आधी विदर्भाचं ऊन आणि मग पेरणी, जेव्हा शेतमजुरीवर जाणारी माणसं दिवसभर शेतात असतात. यावर तोड म्हणजे टीएशिपऐवजी फेलोशिपचं एखादं वर्ष मिळवणं. अमेरिकन विद्यापीठात शिकणाऱ्यांसाठी अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजची ज्युनिअर फेलोशिप आहे, पण तिथे चुरस असते. त्यामुळे ऑफर स्वीकारण्याआधी एवढं विचारा, की पाच वर्षांतलं एक तरी वर्ष शिकवण्याविना आहे का.

हमीचाही प्रश्न आहे. पत्रात पाच वर्षं लिहिलेली असली, तरी पुढे ‘समाधानकारक प्रगती आणि उपलब्ध निधी’ अशी अट असते. बॉस्टन विद्यापीठात २०२४मध्ये सात महिने चाललेल्या संपानंतर पीएचडी विद्यार्थ्यांना वर्षाला किमान ४५,००० डॉलर मान्य झाले. पुढच्याच महिन्यात विद्यापीठाने मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांतल्या डझनभर विषयांचे पुढच्या वर्षाचे पीएचडी प्रवेश थांबवले. त्यात भाषाविज्ञान होतं.

नेदरलँड्समध्ये पीएचडी करणारा विद्यापीठाचा कर्मचारी असतो. चार वर्षांचा करार, सुरुवातीला ढोबळ ३,००० युरो महिना (कर कापण्याआधी), पेन्शन, आणि वर आठ टक्के सुट्टीभत्ता. शिकवणं थोडंच. जोडीदाराला तिथे काम करता येतं. अमेरिकेत जोडीदाराच्या एफ-२ व्हिसावर येत नाही. लग्न झालेल्यांनी किंवा घरी स्थळं बघणं सुरू असलेल्यांनी ही ओळ स्टायपेंडच्या आधी वाचावी. पण जागा जाहिरातीने निघते आणि विषय बहुधा प्रकल्पाने ठरवलेला असतो. नायमेखेनला मानसभाषाविज्ञानाचं माक्स प्लांक इन्स्टिट्यूट आहे, अ‍ॅम्स्टरडॅमला कम्युनिकेशन संशोधनाचं मोठं केंद्र आहे. प्रयोग आणि आकडेवारी आवडत असेल तर याहून चांगली जागा शोधणं कठीण. निहाली मनात घेऊन जाल तर चार वर्षं दुसऱ्याच्या प्रश्नाची उत्तरं शोधत बसाल. जर्मनीतही पद पगारी आहे, पण मानव्यविद्यांत ते बरेचदा अर्धं असतं: अर्धा पगार आणि पूर्ण अपेक्षा.

माझा कौल विचाराल तर, महाराष्ट्रातल्या बोलींवर, आदिवासी भाषांवर किंवा इथल्या माध्यमांवर काम करायचं असेल तर जेआरएफ. त्यावर फुलब्राइट-नेहरूची डॉक्टरल फेलोशिप घेऊन सहा ते नऊ महिने अमेरिकेतल्या विभागात काढता येतात. ती भारतात पीएचडीला नाव नोंदवलेल्यांसाठीच आहे. सिद्धांतात मुरायचं असेल, पुढे परदेशातच शिकवायचं असेल, तर अमेरिका. फक्त कम्युनिकेशनवाल्यांनी तिथल्या एमएलाही अर्ज करावा, कारण बऱ्याच विभागांत एमएच्या मुलांनाही तीच पब्लिक स्पीकिंगची टीएशिप मिळते. नेदरलँड्सची जाहिरात तुमच्या प्रश्नाशी जुळली तर बाकीचं सोडून द्या.

अर्ज एकाच वर्षात करता येतात. अमेरिकेच्या तारखा डिसेंबर-जानेवारीत, नेट जून आणि डिसेंबरच्या सत्रांत. एका अर्जाचं शुल्क शंभर डॉलरच्या घरात, म्हणून पाच-सहा विभागांवर थांबा. ऑफर आली आणि विभाग घाई करू लागला, तर ते विद्यापीठ कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या संघटनेच्या ऑफरच्या मुदतीविषयीच्या ठरावात आहे का ते बघा. असेल तर १५ एप्रिलच्या आधी उत्तर द्यायचं बंधन तुमच्यावर नाही. तेवढ्या दिवसांत तिथल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ईमेल करा आणि उन्हाळ्यात भाडं कशातून भरता, एवढं विचारा.