परिचारिकांसाठीचे चिकाटी व कार्यप्रेरणा प्रशिक्षण: काही महिन्यांनंतरचा अनुभव

आमच्या रुग्णालयात अधिपरिचारिकांसाठी हा प्रशिक्षण कार्यक्रम सुरू होऊन बरेच महिने लोटले आहेत. परिसेविका, म्हणजे वॉर्डाची प्रमुख परिचारिका, या नात्याने मी तो स्वतः पूर्ण केला आणि वॉर्डातील कामावर त्याचा काय परिणाम होतो, हेही जवळून पाहिले.

सुरुवात होते ती मानसशास्त्रज्ञ अँजेला डकवर्थ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडलेल्या १२ विधानांच्या प्रश्नावलीने. तिच्यात प्रयत्नांतील सातत्याबरोबर आवडीतील सातत्यही मोजले जाते. मात्र जिची नेमणूक दर काही महिन्यांनी आदेशानुसार दुसऱ्या वॉर्डात होते, तिने आवड टिकवण्याविषयीच्या विधानांना काय उत्तर द्यावे? शिवाय उत्तरे स्वतःच स्वतःविषयी द्यायची असल्याने त्यांवरून कोणाला चिवट, कोणाला कच्ची ठरवणे गैर आहे. खुद्द डकवर्थ यांनी डेव्हिड येगर यांच्यासह २०१५ मध्ये अशा मोजमापांच्या मर्यादा मांडल्या आहेत. प्रेरणादायी व्याख्यानांचा प्रभाव तर पुढच्या रात्रपाळीपर्यंतही टिकला नाही.

खरा उपयोग झाला तो प्रात्यक्षिकांचा. हृदय बंद पडल्यावर करायच्या उपचाराचा, म्हणजे पुतळ्यावर मिनिटाला १०० ते १२० या गतीने छाती दाबण्याचा सराव पुन्हा पुन्हा केल्यावर, रुग्ण अचानक कोसळला की मागे सरकणाऱ्या नव्या सिस्टर स्वतःहून पुढे येऊ लागल्या. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या सिद्धांतानुसार स्वायत्तता, सक्षमता आणि आपलेपणा या तीन गरजा भागल्या की प्रेरणा आतून येते. त्यांतली सक्षमता मला इथे प्रत्यक्ष दिसली. आपलेपणाची बाजू सांभाळली ती एखादा रुग्ण दगावल्यानंतर, ओव्हर देण्यापूर्वी (पुढच्या पाळीकडे काम सोपवण्यापूर्वी), दोष न देता होणाऱ्या छोट्या चर्चेने. हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि त्याला खर्चही जवळपास नाही.

स्वायत्ततेबाबत मात्र कार्यक्रम गप्प आहे. ड्युटी लावताना सिस्टरांना विचारले जात नाही. अध्यापन रुग्णालयांच्या सर्वसाधारण वॉर्डांत तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. रात्री तीसहून अधिक खाटा एकटीने सांभाळणाऱ्या सिस्टरकडे चिकाटी कमी आहे, असे म्हणणे मला तरी पटत नाही.

आपल्या रुग्णालयात हे प्रशिक्षण आणायचे असल्यास व्याख्याने निम्म्यावर आणून प्रात्यक्षिके वाढवावीत, आणि ती कामाच्या वेळेतच धरली जातील असे आधी लेखी घ्यावे. आमच्याकडे पहिली सत्रे रात्रपाळी संपल्यावर ठेवली होती आणि अर्ध्याअधिक सिस्टर खुर्चीतच पेंगत होत्या.